तीन ध्वज आणि एक चौकट : गोलरक्षक आंद्रेई लावरोव

शाळेच्या स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत हॅण्डबॉलच्या एका गोलरक्षकावर लेख यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु अपयश कसे पचवावे हा शिक्षणातला एक मूलभूत प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर या व्यवसायात फार स्पष्टपणे दिसते.

प्रथम खेळाचे स्वरूप पाहू. हॅण्डबॉलमध्ये प्रत्येक संघाचे सात खेळाडू असतात. गोलची चौकट तीन मीटर रुंद व दोन मीटर उंच असते आणि तिच्यासमोर सहा मीटरांवर रेषा असते. या रेषेच्या आत केवळ गोलरक्षकानेच उभे राहावयाचे. मात्र आक्रमक रेषेबाहेरून झेप घेऊन, पाय जमिनीला लागण्यापूर्वी चेंडू फेकू शकतो. पुरुषांच्या खेळातील चेंडू सुमारे साडेचारशे ग्रॅमचा असून जोरदार फटक्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. या वेगाने नऊ मीटर अंतर कापण्यास चेंडूला सेकंदाचा जेमतेम एक तृतीयांश भाग लागतो. चेंडू पाहून मग हालचाल करावी, एवढी सवडच नसते. म्हणून निष्णात गोलरक्षक चेंडूपेक्षा माणूस वाचतो : त्याची धाव, खांदा, मनगट. तो पुढे सरकून कोन अरुंद करतो. चौकटीची एक बाजू बचावपटूंच्या उंचावलेल्या हातांवर सोपवतो आणि दुसरी स्वतःकडे ठेवतो.

एवढे करूनही तीन फटक्यांपैकी एक अडविणारा गोलरक्षक उत्तम गणला जातो. म्हणजे उत्तमातला उत्तमही बहुतेक वेळा अपयशीच ठरतो! या विद्येत पायांच्या चपळाईइतकेच अनुभवाचे मोल असल्याने गोलरक्षकाची कारकीर्द पुष्कळदा इतर खेळाडूंहून दीर्घ असते.

आंद्रेई लावरोव हे याचे ठळक उदाहरण होय. त्यांचा जन्म १९६२ साली दक्षिण रशियातील क्रास्नोदार येथे झाला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ते सोव्हिएत संघात होते. अंतिम सामन्यात या संघाने दक्षिण कोरियाला ३२-२५ असे हरविले. पंचवीस वेळा चेंडू जाळ्यात जाऊनही गळ्यात सुवर्णपदक पडले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघराज्यच विलयास गेले. पुढल्या वर्षी बार्सिलोनात तेथील खेळाडू संयुक्त संघ म्हणून ऑलिंपिक ध्वजाखाली उतरले आणि स्वीडनला २२-२० असे नमवून विजयी झाले. पुढे रशियाकडून लावरोव १९९३ व १९९७ मध्ये विश्वविजेते, तर १९९६ मध्ये युरोपविजेते ठरले. या काळात त्यांनी जर्मनीतील क्लबांकडूनही व्यावसायिक हॅण्डबॉल खेळले. २००० मध्ये सिडनीत उद्घाटन सोहळ्यात रशियाचा ध्वज त्यांच्याच हाती होता. तेथे पुन्हा स्वीडनवर २८-२६ अशी मात करून त्यांनी तिसरे सुवर्णपदक मिळविले, तेही तिसऱ्या ध्वजाखाली. हॅण्डबॉलमध्ये तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणारे ते पहिले खेळाडू. २००४ मध्ये अथेन्स येथे, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांच्या पदकांत एका कांस्यपदकाची भर पडली.

देश बदलला, ध्वज बदलला, राष्ट्रगीत बदलले. ती तीन मीटर रुंद चौकट मात्र तेवढीच राहिली. प्रत्येक गोलनंतर जाळ्यातला चेंडू उचलून सहकाऱ्याकडे फेकावयाचा आणि पुन्हा उभे राहावयाचे, हाही त्या कामाचाच भाग. गेलेल्या चेंडूची खंत करीत बसणाऱ्याकडून पुढचाही चेंडू सुटतो. आणि गेलेल्या चेंडूपासून काहीच न शिकणाऱ्याकडूनही सुटतो. या दोहोंमधील वाट शोधणे म्हणजेच गोलरक्षण.

परीक्षेचा निकाल हाती घेऊन खाली मान घालून उभ्या राहिलेल्या मुलाला आपण शिक्षकांनी आणखी निराळे काय सांगावयाचे असते?