कृष्णविवर गात नाही, रेडिओ बोलत नाही

‘कृष्णविवराचा आवाज ऐका’ असं लिहिलेली नासाची एक क्लिप २०२२ पासून व्हॉट्सॲपवर फिरते आहे. आवाज खोटा नाही, पण तो विवराचा नव्हे, आणि रेडिओतून आलेला तर नव्हेच. या विवराभोवती, पर्सियस दीर्घिकासमूहातल्या तप्त वायूत दाबाचे तरंग उठलेले आहेत. चंद्रा दुर्बिणीच्या क्ष-किरण चित्रांत ते सापडल्याचं २००३ मध्ये जाहीर झालं. एक तरंग पुरा व्हायला सुमारे एक कोटी वर्षं! तो तब्बल ५७-५८ सप्तकं वर चढवला, तेव्हा कुठे आपल्या कानांना कळला.

रेडिओलहरी म्हणजे ध्वनी नव्हे. तो प्रकाशच, फक्त लांब तरंगांचा. नारायणगावजवळ खोडदला या लहरी टिपणाऱ्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. त्या भरीव पत्र्याच्या नाहीत, तारांच्या जाळीच्या आहेत. वीतभर किंवा त्याहून लांब लहरींना ती बारीक भोकं जाणवतच नाहीत.

कृष्णविवराच्या दिशेने येणाऱ्या रेडिओलहरी विवरातूनच निघतात, हा दुसरा घोटाळा. आतून काहीच बाहेर येत नाही. विवराभोवती घिरट्या घालणारा काही वायू आत पडण्याऐवजी दोन विरुद्ध दिशांना झोतांसारखा उसळतो. झोतांतले इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि त्यातून रेडिओलहरी निघतात.

मग विवराभोवतीची दीर्घिकाच रेडिओत चमकत असेल? तसंही नाही. १९५३ मध्ये जेनिसन आणि मृणालकुमार दासगुप्ता या संशोधकांनी इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेत ‘सिग्नस ए’ हा रेडिओस्रोत तपासला, तर एकाऐवजी दोन रेडिओ-ढग निघाले. दीर्घिका मधोमध, आणि ढगांची टोकं तिच्यापासून सुमारे दोन-दोन लाख प्रकाशवर्षं दूर.

झोत तिथेच का अडतात? कारण बाहेर पोकळी नाही. समूहातल्या दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू भरलेला असतो. झोत त्यावर आदळून फुगतात आणि वायूला बाजूला रेटतात. पर्सियसच्या क्ष-किरण चित्रात जिथे खळगे दिसतात, नेमके तिथेच रेडिओचे फुगे आहेत. या रेटारेटीनेच वायू तापलेला राहतो आणि निवून त्याचे तारे होणं लांबतं. नुसतं गिळणारं म्हणून बदनाम झालेल्या विवराचा हा उद्योग!

ढग दिसतो म्हणून झोत चालू आहे, असंही समजू नये. झोत थांबल्यावर जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आधी ऊर्जा गमावतात, म्हणून जास्त वारंवारितेवर ढग आधी विझतो. कमी वारंवारितेवर मात्र ढग त्यानंतरही कोट्यवधी वर्षं दिसू शकतो.