दारचं कुत्रं, घरची पोरं

(आमच्या बचत गटानं आपल्या रेडिओवर केलेलं हे बोलणं. ज्यांचं ऐकायचं राहिलं, त्यांच्यासाठी इथं छापत आहोत.)



आज आम्ही कर्जाच्या हप्त्यावर बोलणार नाही आणि शेळीपालनावरही नाही. आज बोलायचं आहे आपल्या दारातल्या कुत्र्यांवर. हसू नका. आम्हीही आधी हसलो होतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर जे घडलं, त्यानंतर मात्र आमच्या बैठकीच्या वहीत हा विषय कायमचा आला.

झालं असं. पाण्याच्या टाकीमागं एक कुत्री व्यालेली होती. आमच्यातल्या एकीचा सात वर्षांचा नातू पिल्लू उचलायला गेला आणि कुत्रीनं त्याच्या पोटरीला धरलं. आरडाओरडा झाला. एक जण चटणी आणायला धावली, दुसरी चुना. तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांनी चटणीचा डबा बाजूला ठेवला, पोराला नळाखाली बसवलं आणि साबण लावून जखम धूत राहिल्या. इकडं माणसांनी काठ्या घेतल्या. एक जण म्हणाला, भाकरीत औषध घालून टाका, म्हणजे मिटलं.

तेव्हा आमच्यातली सगळ्यात थोरली आजी म्हणाली, "घाला की. पण आधी एवढं सांगा, ती बाळंतीण आहे, ऊन हे असं, तिच्यापुढं पाणी कुणी ठेवलं होतं का?"

कुणाकडंच उत्तर नव्हतं. आमच्याकडंही नव्हतं.

कुत्री मारली नाही. पोराला इंजेक्शनं दिली, तो बरा आहे. त्या दिवसापासून आम्ही जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो. शिकलो ते एवढंच, की कुत्र्याचं भलं आणि आपल्या पोरांचं भलं ही दोन वेगळी कामं नाहीत. एक केलं की दुसरं आपोआप होतं.

पाणी आणि खाणं

आपल्याला उकडलं की अंगभर घाम येतो आणि अंग गार होतं. कुत्र्याला तसा घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं, तेवढाच त्याचा पंखा. त्यामुळं चैत्र-वैशाखात पाणी मिळालं नाही, तर ते तडफडतं आणि चिडचिडंही होतं. एखादं जुनं घमेलं, फुटक्या माठाचा बूड किंवा दगडी डोण सावलीत ठेवा. रोज सकाळी जुनं पाणी झाडाला घाला, भांडं घासा आणि ताजं भरा. चिमण्या आणि कोंबड्याही त्यातच पितील.

खायला शिळी भाकरी पाण्यात किंवा पातळ ताकात कुस्करून, नाहीतर वरण-भात. तिखट-तेलकट रस्सा नको, त्यानं पोट बिघडतं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतात. द्राक्षं आणि बेदाणे त्याच्या मूत्रपिंडावर जातात, चॉकलेटही त्याला विषासारखंच. कोंबडीची शिजवलेली हाडं फुटून त्यांच्या काचा होतात, त्या घशात आणि आतड्यात टोचतात. ही खरकटी पुरून टाका.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. खाणं रोज एकाच जागी, एकाच वेळी द्या. ती जागा शाळा, अंगणवाडी आणि पोरांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब असावी. कुठंही भाकरी फेकली की कुत्री आपसात भांडतात आणि मध्ये सापडतं ते आपलं लेकरू. चिकनच्या दुकानामागची घाण आणि लग्नाच्या मांडवामागचं उष्टंही उघड्यावर राहू देऊ नका.

गळ्यातला पट्टा

शेतावर राखणीला कुत्रं पाळतो आणि चोवीस तास हातभर साखळीला बांधून ठेवतो. बांधलेलं कुत्रं जास्त चांगली राखण करतं, असं वाटतं. खरं तर ते नुसतं भुंकत राहतं आणि जवळ येईल त्याच्यावर झेप घेतं. 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्यातच लिहिलंय, की फार आखूड किंवा फार जड साखळीला जनावर उगाच बराच काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं हाही गुन्हाच. सकाळ-संध्याकाळ त्याला मोकळं फिरवा. बांधाल तिथं सावली आणि पाणी हवं.

आणि आज घरी गेल्यावर एक करा. कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याखाली आपली दोन बोटं घालून बघा. सहज गेली पाहिजेत. पिल्लाच्या गळ्यात हौसेनं नायलॉनची दोरी बांधतो. पिल्लू वाढतं, दोरी वाढत नाही. आम्ही असं एक कुत्रं पाहिलं, दोरी मांसात रुतली होती आणि मालकाला पत्ताही नव्हता. केसांखाली दिसत नाही, म्हणून बोटानंच बघायचं.

गोचीड, जखमा आणि घरगुती औषधं

गोचीड झाले की रॉकेल, जळकं ऑइल किंवा शेतातलं फवारणीचं औषध चोपडायचं, हे आपल्याकडं सर्रास चालतं. कुत्रं अंग चाटतं आणि ते विष पोटात जातं. थोडे गोचीड असतील तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. बोटानं चिरडू नका. जास्त असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून औषध आणा. गोठा झाडून ठेवा, भिंतीच्या फटी बुजवा. गोचीड तिथंच अंडी घालतात.

जखमेत किडे पडले तर फिनेल किंवा पेट्रोल ओतू नका. माणसाची अंगदुखीची गोळीही देऊ नका, तिनं कुत्रं मरू शकतं. गावातल्या पशुसखीला विचारा, नाहीतर 1962 या नंबरावर फोन करा. हा फोन फुकट आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी तो आहे.

मादी नको?

आता जरा मनाला लागणारं बोलू. पिल्लू घेताना आपण पहिलं काय बघतो? नर आहे का मादी. नर असेल तर ठेवायचा. मादी असेल तर पोत्यात घालून वेशीबाहेर किंवा घाटात सोडायची, कारण ती व्याली तर पिल्लांची कटकट. आमच्या बैठकीत हे निघालं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. आपल्यापैकी कितीजणींच्या जन्माच्या वेळी घरातली तोंडं उतरली होती, ते आपल्याला सांगायला नको.

पण सोडून दिलेली मादी संपत नाही. जगली तर दुसऱ्या गावच्या उकिरड्यावर वाढते. कुत्रीला साधारण दोन महिन्यांत पिल्लं होतात आणि वर्षातून दोनदाही ती विऊ शकते. एका वेळी चार-सहा पिल्लं. म्हणजे आपण टाकलेली एक मादी थोड्याच वर्षांत कळप होऊन परत येते. यावर खरा उपाय नसबंदी. मोकाट कुत्र्यांसाठी 2023 चे सरकारी नियम आहेत. त्यांत नसबंदी आणि रेबीजची लस या दोन्हींची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली आहे. तुम्ही ग्रामसभेत हे लेखी मागू शकता.

आमचा अनुभव सांगतो. आम्ही मागितलं, तर जवळच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची सोयच नव्हती. दोनदा अर्ज दिला, दोनदा पुढच्या महिन्यात या म्हणाले. शेवटी अकरा जणींनी दर महिन्याला दहा-दहा रुपये बाजूला टाकले, दिवाळीनंतर टेम्पो केला आणि टाकीमागच्या त्याच कुत्रीला शहरात नेऊन आणलं. तोवर तिची पिल्लं मोठी झाली होती. त्यांतल्या दोन माद्या होत्या. दोन्ही आज गटातल्याच घरी आहेत.

लस

पिसाळणं म्हणजे रेबीज. जगात या रोगानं जेवढी माणसं मरतात, त्यांतली सुमारे एक तृतीयांश आपल्या देशात मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चावलेल्यांत मुलं फार असतात. एकदा लक्षणं दिसली की या रोगावर औषध नाही. पण तो शंभर टक्के टाळता येतो.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी आणि मग दरवर्षी एकदा. गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाला पुढं सरकायला वाटच उरत नाही. म्हणून नुसतं आपलं कुत्रं नाही, गावातली मोकाट कुत्रीही मोजा. ज्यांच्या हातची भाकरी ती खातात, त्याच बाया त्यांना लसीसाठी धरू शकतात. हे काम जाळीवाल्या माणसापेक्षा आपल्याला जास्त जमतं. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिवस असतो. त्या सुमारास अनेक ठिकाणी लसीची शिबिरं होतात, आधीच चौकशी करा.

पोरांना काय शिकवायचं

जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. शेपटी ओढायची नाही, दगड मारायचा नाही. दगड एक पोरगं मारतं आणि चावा दुसऱ्याला बसतो. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही. झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी, नजर खाली. खाली पडलं तर पोटाशी पाय घेऊन कान आणि मान हातानं झाकायची. हा खेळ अंगणात दोन-चार वेळा करून घ्या, म्हणजे वेळेला आठवतो.

आणि चावलंच तर

हे कागदावर लिहून दाराआड चिकटवा.

पहिलं, वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. चटणी, चुना, हळद, तेल काही लावू नका.

दुसरं, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते. पोटात चौदा इंजेक्शनांचा जमाना गेला, आता ती दंडात देतात. पहिलं इंजेक्शन त्या दिवशी, मग तिथून 3ऱ्या, 7व्या आणि 28व्या दिवशी. काही ठिकाणी लस देण्याची पद्धत वेगळी असते, तिथं 14व्या दिवशीही बोलावतात. कार्डावर लिहिलेली तारीख चुकवू नका. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं सिरमही लागतं. ते तिथं नसेल तर कुठं मिळेल ते विचारा आणि लगेच तिकडं जा.

तिसरं, नुसतं ओरखडलं तरी जा. पिल्लू असलं तरी जा. घरचंच कुत्रं असलं तरी जा. गंडा-दोरा करायचा असेल तर करा, पण इंजेक्शन घेऊन आल्यावर.

चौथं, कुत्र्याला मारू नका. दहा दिवस लांबून नजर ठेवा. आवाज बदलला, लाळ गळायला लागली, जबडा लोंबला, झोकांड्या जायला लागल्या, दिसेल त्याला चावत सुटलं, तर जवळ न जाता दवाखान्यात कळवा. दहा दिवसांनी ते ठणठणीत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. मारून टाकलं तर हे कळायचा मार्गच बंद होतो. इंजेक्शन मात्र या दहा दिवसांसाठी थांबवायचं नाही.

आणि विष घालण्याची गोष्ट कुणी काढलीच, तर सांगा, भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली जनावराला विष घालून मारलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय ती भाकरी कुणाची कोंबडी खाईल, कुणाचं लेकरू उचलेल, याचा नेम नाही.

मैत्रिणींनो, दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना आपण हात जोडतो. कुत्र्यानं भाकरी पळवली, तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावणारे नामदेव महाराज कीर्तनात ऐकून डोळे पुसतो. आणि घरी येऊन दारातल्याला हाड् हाड् करून पायताण भिरकावतो. आम्हीही हेच करत होतो, म्हणून सांगतोय.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहाच मिनिटं काढा. आपल्या वस्तीवर कुत्री किती, त्यांत माद्या किती आणि लस किती जणांना झाली, हे वहीत लिहा. एवढ्या तीन आकड्यांवरून पुढचं काम तुमचं तुम्हालाच दिसेल.

टाकीमागची ती कुत्री अजून तिथंच असते. तिच्यापुढचं घमेलं रोज कोण भरतं, माहीत आहे? तोच, पोटरीवर व्रण असलेला नातू. शाळेला जाताना भरतो आणि पिल्लांना हात न लावता लांबूनच यू यू करतो.

येतो मैत्रिणींनो. आणि हो, घरी गेल्यावर ती दोन बोटं पट्ट्याखाली घालून बघायला विसरू नका.