भुलीपूर्वी घराण्याची हकिकत सांगा

ऑपरेशनची तारीख ठरली की पेशंट हमखास विचारतो, “डॉक्टर, भूल सोसेल ना?” ‘काही होत नाही’ म्हणून आम्ही विषय मिटवतो. मीही मिटवत असे. हल्ली मात्र उलट विचारतो, “घराण्यात भुलीत कोणी दगावले आहे का?”

१९६० साली मेलबर्नच्या डेनबरो व लव्हेल या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात एका २१ वर्षांच्या तरुणाची हकिकत छापली. त्याचा पाय मोडला होता, पण त्याला धास्ती होती ती भुलीची. ईथर दिल्यावर त्याचे १० नातलग दगावले होते! म्हणून ईथरऐवजी हॅलोथेन हे नवे औषध दिले. थोड्याच वेळात रक्तदाब उतरला, नाडी धावू लागली, अंग तापून घामाने भिजले. भूल तत्काळ थांबवली, त्याला बर्फात ठेवले आणि तो वाचला. पुढे मुतखड्याच्या वेळी पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन ऑपरेशन झाले. ते सुखरूप पार पडले.

या विकाराला ‘मॅलिग्नंट हायपरथर्मिया’ म्हणतात. नावावरून कॅन्सरची शंका नको. स्नायूंतील कॅल्शियम एरवी मोजून सुटते. जन्मजात दोष असलेल्यांत हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन यांसारखी हुंगवायची औषधे किंवा सक्सिनिलकोलीनचे इंजेक्शन मिळाले, की ते अनावर सुटते. स्नायू ताठरतात, कधी जबडाच उघडत नाही, अंग भट्टीसारखे तापते. हा जंतूंचा ताप नव्हे, त्यामुळे पॅरासिटामॉलने उतरत नाही. भूल बंद करून, भरपूर प्राणवायू देऊन, अंग गार करावे लागते आणि ‘डँट्रोलीन’ शिरेतून द्यावे लागते. हे औषध येण्यापूर्वी बहुतेक रोगी दगावत.

विकार विरळा आहे, पण दोष आई किंवा वडिलांकडून येतो. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आपल्याकडे ‘काका टेबलावरच गेले, हार्ट बंद पडले’ एवढ्यावर चर्चा संपते. लग्न मोडेल म्हणून लपवणारेही भेटतात! निदान भूलतज्ज्ञापासून तरी लपवू नका. आधी एकदा भूल सोसली होती, म्हणूनही गप्प राहू नका. पहिल्या खेपेस काही न होता पुढच्या वेळी हा विकार उद्भवू शकतो. आधी कळले तर ही औषधे टाळून, शिरेतून द्यायच्या दुसऱ्या औषधांनी किंवा तेवढाच भाग बधिर करून ऑपरेशन करता येते.