लिनक्स अडकलं? बायॉस उघडा, पण वही घेऊन!

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझी शाळा कॉन्व्हेंटची. मराठीत सलग दोन पानं लिहायची वेळ याआधी फक्त दहावीच्या निबंधात आली होती, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका आढळल्यास पोटात घाला. पण विषय असा आहे की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम्सचं प्रॅक्टिकल सुरू झालं की आपल्या होस्टेलवर दरवर्षी तोच सीन असतो. कुठल्यातरी सिनियरचा उबुंटूचा पेन ड्राइव्ह रूम ते रूम फिरतो. कुणाचं अर्ध्या तासात इन्स्टॉल होतं, तर कुणाची स्क्रीन काळी होऊन तशीच राहते. मग जाहीर होतं, "लिनक्स बेकार आहे!" किंवा "लॅपटॉप गेला!" बहुतेक वेळा दोन्ही खोटं असतं. दोष असतो तो मधल्या एका दुर्लक्षित माणसाचा, त्याचं नाव बायॉस.

माझ्या रूममेटच्या लॅपटॉपवर असंच झालं. मेनू आला, "इन्स्टॉल" वर एंटर मारलं आणि स्क्रीन काळी ती काळीच. मी म्हटलं, "थांब, मी बघते." यूट्यूबवर दोन व्हिडिओ पाहिले होते, तेवढ्यावर मी स्वतःला एक्स्पर्ट समजत होते. बायॉसमध्ये शिरले आणि धडाधड पाच सेटिंग्ज बदलल्या. सेव्ह, रीस्टार्ट. लिनक्स तर आलं नाहीच, उलट विंडोजच्या जागी निळी स्क्रीन आली आणि बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की मागू लागली.

रूममेट म्हणाली, "कसली की?"

तो लॅपटॉप तिच्या वडिलांनी उसाचं बिल आल्यावर घेतलेला. आत सोमवारी सबमिट करायचा मिनी प्रोजेक्ट होता आणि तिच्या ताईच्या लग्नाचे सगळे फोटो. बॅकअप शून्य! पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी थोडी थिअरी, कारण ती मला त्या रात्री माहीत असती तर ती रात्र आलीच नसती.

बायॉस म्हणजे नक्की काय?

बायॉस म्हणजे 'बेसिक इनपुट आउटपुट सिस्टीम'. हा शब्द गॅरी किल्डाल यांनी १९७० च्या दशकात आपल्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी वापरला. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याच्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बायॉस होतं, आणि तिथून हे नाव घरोघरी पोचलं. आजच्या मशीनमध्ये खरं तर त्याचा वारस यूईएफआय असतो. पण लॅबमधल्या सरांपासून दुकानदारापर्यंत सगळे अजून बायॉसच म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू.

त्याचं काम आपल्या होस्टेलच्या वॉचमन काकांसारखं आहे. पहाटे काका उठतात, गेट उघडतात, दिवे लागतात का ते बघतात आणि किल्ल्यांचा जुडगा व खोल्यांची यादी रेक्टर मॅडमच्या हातात देतात. पुढचा कारभार मॅडमचा. बायॉससुद्धा पॉवर दिल्यावर प्रोसेसर, रॅम, कीबोर्ड तपासतं, डिस्क किंवा पेन ड्राइव्ह शोधतं आणि सूत्रं बूटलोडरमार्फत लिनक्सच्या कर्नलकडे देतं. सोबत हार्डवेअरची यादीही देतं. आता यादीतच चूक असेल, किंवा एखाद्या खोलीला असं कुलूप असेल ज्याची किल्ली मॅडमकडे नाही, तर मॅडम त्या दारासमोर ताटकळत उभ्या! कर्नल एखाद्या हार्डवेअरच्या उत्तराची वाट बघत उभं राहतं, त्यालाच आपण "हँग झालं" म्हणतो.

थोडक्यात काय, तर मशीन कुठल्या दारासमोर अडकलं हे कळलं की कुठली सेटिंग बघायची हेही कळतं.

हात लावण्याआधी

१. महत्त्वाच्या फाइल्स दुसरीकडे कॉपी करा. हे सगळेच सांगतात आणि कुणीच करत नाही. करा!

२. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' चालू आहे का बघा. चालू असेल तर रिकव्हरी की काढून कागदावर लिहा. नवीन लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केल्यावर हे एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं, आणि की त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. ते अकाउंट नक्की कुणाचं आहे, हेही बघा.

३. बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बायॉसमध्ये शिरायला पॉवर दिल्याबरोबर कंपनीप्रमाणे एफ२, एफ१०, डिलीट किंवा एस्केप दाबावं लागतं.

४. पेन ड्राइव्हवर टाकलेली फाइल नीट डाउनलोड झाली होती का, ते तिचा चेकसम जुळवून बघा. अर्धवट फाइलमुळेही इन्स्टॉलर मध्येच अडकतो आणि आपण उगाच बायॉसला शिव्या देतो.

कुठे अडकलं ते बघा

उबुंटू सुरू होताना काही मेसेज दिसत नाहीत, कारण ते मुद्दाम लपवलेले असतात. पेन ड्राइव्हचा मेनू आला की हव्या त्या ओळीवर जाऊन ई दाबा. 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे शब्द दिसतील. ते खोडा आणि एफ१० दाबा. हा बदल तेवढ्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. आता पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावतील. जिथे थांबतील तिथल्या शेवटच्या चार ओळींचा फोटो काढा. आजाऱ्याची नाडी म्हणतात ती हीच!

आता एकेक लक्षण घेऊ.

पेन ड्राइव्ह दिसतच नाही: बायॉसमधलं 'फास्ट बूट' बंद करा. वेळ वाचवायला ते यूएसबीची तपासणी टाळतं. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' ही वेगळी गोष्ट आहे, तेही बंद करा. ते चालू असलं की शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धं झोपलेलंच असतं आणि त्याच्या पार्टिशनला हात लावणं धोक्याचं ठरतं.

'सिक्युरिटी व्हायोलेशन' असा मेसेज येतो: हा 'सिक्युअर बूट' चा पहारा. सही नसलेल्या प्रोग्रामला तो आत सोडत नाही. उबुंटू, फेडोरा आणि डेबियन (२०१९ च्या आवृत्ती १० पासून) यांच्याकडे तशी सही आहे, म्हणून त्यांच्यासाठी सिक्युअर बूट सहसा बंद करावं लागत नाही. आर्चच्या अधिकृत पेन ड्राइव्हसाठी मात्र करावं लागतं. "सगळ्यात आधी सिक्युअर बूट बंद कर" हा आपल्याकडचा लोकप्रिय सल्ला म्हणूनच डोळे मिटून पाळू नका.

मेनूनंतर लगेच काळी स्क्रीन: बहुधा ग्राफिक्स कार्ड. विशेषतः एनव्हिडियाचं कार्ड असेल तर आधी उबुंटूच्या मेनूतला 'सेफ ग्राफिक्स' पर्याय वापरा. तो कर्नलला 'नोमोडसेट' हा शब्द देतो, म्हणजे "स्क्रीनचा मोड तू बदलू नकोस, आहे तसा चालव." इन्स्टॉल झाल्यावर योग्य ड्रायव्हर टाकायचा. काही मशीनच्या बायॉसमध्ये कुठलं ग्राफिक्स वापरायचं हेही निवडता येतं. तिथे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स निवडून बघा.

इन्स्टॉलर चालतो पण डिस्क दिसत नाही: बायॉसमध्ये स्टोरेजचा मोड 'रेड' किंवा 'आरएसटी' असेल. काही लॅपटॉपमध्ये पर्यायाचं नाव 'व्हीएमडी' असतं. मोड 'एएचसीआय' करायचा, पण थेट नाही! नुसता बदललात तर विंडोज 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत कोसळेल. आधी विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडून 'सेफ बूट' वर टिक करा, रीस्टार्ट करून थेट बायॉसमध्ये जा, मोड बदला, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या आणि मग टिक काढा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, म्हणून पासवर्ड पाठ हवा.

दर वेळी वेगळ्याच ठिकाणी हँग: रॅमवर संशय घ्या. बायॉसमध्ये 'एक्सएमपी' किंवा ओव्हरक्लॉकिंग चालू असेल तर बंद करा आणि मेमटेस्ट रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तरी लिनक्सला दोष देऊ नका.

मशीन रिकामं बसलं की हँग: हा किस्सा आमच्या लॅबमधलाच. सिनियर बॅचने पहिल्या पिढीच्या रायझन प्रोसेसरवर (हे प्रोसेसर २०१७ चे) एक डेस्कटॉप जोडला होता. दिवसभर कंपायलिंग केलं तरी ठणठणीत, पण सगळे जेवायला गेले की परत येईपर्यंत हँग! सगळे म्हणायचे, मशीनला नजर लागली. लॅब असिस्टंट सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काम करताना मरत नाही ना? मग ते झोपेत मरतंय." काम नसलं की प्रोसेसर गाढ झोपेत जातो, त्याला सी-स्टेट म्हणतात. त्या झोपेत तो इतका कमी करंट घेतो की काही मशीन त्या अवस्थेत नीट टिकत नाहीत. सरांनी बायॉसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' हा पर्याय शोधला आणि 'टिपिकल करंट आयडल' केला. त्या दिवसापासून मशीन गपगुमान चाललंय. नजर उतरली!

तारीख दर वेळी मागे जाते: लॅबमधल्या जुन्या पीसींचा हा कॉमन आजार. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला की तारीख आणि सेटिंग्ज दोन्ही पुसल्या जातात. मग सर्टिफिकेट "अजून लागूच झालेलं नाही" म्हणून डाउनलोड अडतं. सेल बदला, अर्धा त्रास संपेल.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर कंपनीच्या साइटवर बायॉसचा नवा अपडेट आहे का बघा. मात्र अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो. म्हणून चार्जर लावून, बॅटरी भरून आणि लोडशेडिंगची वेळ टाळून करा.

त्या रात्रीचं काय झालं?

मी दुकानदाराचा नंबर शोधत होते आणि रूममेट भिंतीकडे तोंड करून बसली होती. फोन लागला, पण दुकानात सेटअप करताना तिथलाच कुठलातरी ईमेल टाकला होता आणि तो आता कुणालाच आठवत नव्हता. म्हणजे की मिळणं अशक्य!

मग लॅब असिस्टंट सरांना फोन केला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सर रागावले नाहीत, फक्त विचारलं, "काय काय बदललंस? लिहिलंयस का?" मी गप्प.

सरांनी समजावलं ते असं. डिस्कची किल्ली लॅपटॉपमधल्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. मशीन नेहमीसारखंच सुरू होतंय अशी खात्री पटली तरच ती चिप किल्ली देते. मी सिक्युअर बूट बंद केल्यामुळे तिला वाटलं, कुणीतरी परका घुसला. डेटा गेलेला नाही, फक्त दार बंद आहे. सगळं होतं तसं कर, चिप पुन्हा ओळखेल.

आठवेल तसं वहीत लिहिलं आणि एकेक मागे फिरवलं. सिक्युअर बूट चालू केल्यावर की मागणं थांबलं, पण दुसरी निळी स्क्रीन आली: 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. म्हणजे स्टोरेजचा मोडही मीच बदलला होता. तो परत 'रेड' केला. रात्री दोन वाजता विंडोजचं वॉलपेपर दिसलं, तेव्हा रूममेटने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आता हात लावू नकोस." बरोबरच होतं तिचं.

प्रोजेक्ट सोमवारी वेळेत गेला. त्यानंतरच्या शनिवारी तिनेच विचारलं, "करायचं का पुन्हा?" या वेळी आधी बॅकअप घेतला, तिच्या स्वतःच्या नावाचं अकाउंट आणि पासवर्ड केला, डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण उतरेपर्यंत थांबलो. मग मेसेज वाचले. आमची काळी स्क्रीन ग्राफिक्सची निघाली! 'सेफ ग्राफिक्स' ने इन्स्टॉलर उघडला, पण डिस्क दिसेना. मग सेफ मोडच्या मार्गाने 'एएचसीआय' केलं. झालं! मी त्या रात्री बदललेल्या पाच सेटिंग्जपैकी गरज फक्त एकीची होती, तीसुद्धा चुकीच्या पद्धतीने बदललेली.

तेव्हापासून आमच्या रूममध्ये एक वही आहे. डावीकडे 'आधी काय होतं', मध्ये 'काय बदललं', उजवीकडे 'काय झालं'. एका वेळी एकच बदल, मग रीस्टार्ट, मग नोंद. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये टायट्रेशन करताना शेवटी आपण थेंब थेंबच टाकतो ना, तसंच. सगळं एकदम ओतलं की रंग बदलतो खरा, पण कुठल्या थेंबाने ते कळत नाही.

कुणाचं लिनक्स अडकलं असेल तर खुशाल आमच्या रूमवर या. वही देईन. पेन मात्र आपापला आणा!