नागपूर पाहावं ते नवतपात

“मे महिन्यात कोणी नागपुरात येतं का बाप्पा? डिसेंबरात यायचं नं, संत्री खायला!” प्रताप नगरातल्या घराचं फाटक उघडता उघडता मावशीने हे ऐकवलं आणि हातात गुळाच्या पन्ह्याचा पेला ठेवला. सकाळचे साडेनऊच वाजले होते, पण समोरचा सिमेंटचा रस्ता पाहताना डोळे दिपत होते. मी मात्र ठरवूनच आलो होतो. या शहरात मी आजवर सहा-सात वेळा आलो, तो दरवेळी थंडीत. त्यामुळे नागपूर मला अर्धंच ठाऊक होतं.

राज्यकर्त्यांचंही तसंच झालं आहे. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी झालं. उन्हाळा लागला की सरकार दप्तरासह सातपुड्यात, पचमढीला जायचं. पुढे १९५३च्या नागपूर कराराने विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं आणि प्रथेने ते हिवाळी झालं. म्हणजे आधीचं सरकार उन्हाळ्यात इथून निघून जायचं आणि आताचं हिवाळ्यात इथे येतं. वैशाख-ज्येष्ठातलं नागपूर सोसायचं ते नागपूरकरांनीच.

खामला, गोपाळ नगर, त्रिमूर्ती नगर यांच्या शेजारची ही प्रताप नगरची वस्ती. पूर्ण नाव राणा प्रताप नगर, पण बोलताना राणा गळतो. ऊन समजून घ्यायला यापेक्षा सोयीची जागा नाही, कारण नागपूरचं तापमान म्हणून देशभर जो आकडा छापून येतो तो जवळच, सोनेगाव विमानतळाच्या आवारातल्या वेधशाळेत मोजला जातो. २३ मे २०१३ रोजी तिथे ४७.९ अंशांची नोंद झाली. २९ डिसेंबर २०१८ला त्याच शहराचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. दोन्हींत ४४ अंशांहून अधिक अंतर. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे उन्हाला आणि थंडीला आवर घालणारं इथे काही नाही. वायव्येकडून राजस्थान, मध्य प्रदेश तापवत आलेला कोरडा वारा थेट अंगावर येतो.

हा आकडा सावलीतला असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तापमापक ठेवतात तो झडपांचा पांढरा लाकडी पेटारा थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने योजलेला. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन त्याचाच मुलगा. जमिनीपासून चारेक फुटांवर, उन्हापासून आडोशाला, हवा खेळती ठेवून जे मोजतात ते तापमान. भर उन्हातला डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. मे २०२४च्या अखेरीस रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. संवेदकात बिघाड होता, असा खुलासा हवामान खात्याने नंतर केला. चुकीचा आकडा घरोघर पोचला; खुलासा तितका पोचला नाही. उन्हाच्या बाबतीत अतिशयोक्ती करू नये असं मला कळकळीने वाटतं. खरा आकडाच जीव घ्यायला पुरेसा आहे.

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा लागतो. नऊ दिवस तापायचे, म्हणून नवतपा. पंचांगाची ही गोष्ट आणि आकाशातली एक गोष्ट नागपुरात एकत्र येतात. शहराचा अक्षांश २१.१५ अंशांच्या आसपास. उत्तरेकडे सरकणारा सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो तो २६ मेच्या आगेमागे. पुण्या-मुंबईत हा दिवस मेच्या मध्यालाच उरकतो. त्या दुपारी मी गच्चीवर स्टीलचा पेला ठेवला. चपलेच्या तळव्यातून चटका लागत होता. बारा वाजता पेल्याच्या बुडाशी नखाएवढी सावली होती, ती बघता बघता आत ओढली गेली. बारा वाजून दहा मिनिटांनी तिथे काहीच उरलं नाही. पेल्याला सावली नाही, पाण्याच्या टाकीच्या उभ्या पाइपाला नाही. माझी पायांखाली गोळा झालेली. जुलैच्या मध्यात सूर्य पुन्हा असाच डोक्यावरून जातो, पण तेव्हा ढग असतात.

खाली उतरलो तो कूलरच्या आवाजाकडे. नागपुरी घरात उन्हाळा सुरू होतो तो कूलर माळ्यावरून उतरतो तेव्हा. पत्र्याचा तो अवाढव्य डबा खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर चढतो, तीन बाजूंच्या ताट्या बदलतात, पंपाची नळी साफ होते. हल्ली बहुतेक ताट्या लाकडाच्या किसाच्या. मावशीने मात्र एका बाजूला अजून खसाची, म्हणजे वाळ्याच्या मुळांची ठेवली आहे. पहिलं पाणी तिच्यावरून ओघळलं की घरभर ओल्या मातीसारखा वास पसरतो. हे यंत्र चालतं ते हवेच्या कोरडेपणावर. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतली जेवढी उष्णता ओढून घेतं, तेवढ्या ऊर्जेवर हजार वॅटची शेगडी चाळीस मिनिटं चालेल. ४४ अंशांची, जेमतेम १५ टक्के आर्द्रतेची हवा ओल्या ताटीतून गेली तर तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. घरचा कूलर २७-२८ पर्यंत आणतो. ओसरीतला माठ याच तत्त्वावर गार होतो आणि अंगाचा घामही याच कामाचा. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की तिन्ही एकदम हतबल होतात. पाऊस तोंडावर आला की नागपूरकर मेपेक्षा जास्त का कातावतो, ते इथे कळतं.

मावशीची गल्ली एसीकडे वळते आहे. खोली गार होते, तिच्यातली उष्णता मात्र गल्लीत टाकली जाते. कूलर पाणी पितो हे खरं, आणि पाणी इथे पेंच-कन्हानवरून येतं, फुकट नाही. त्याची टाकी आठवड्याला धुतली नाही तर डास होतात, आणि पंप चालू असताना ओल्या हाताने पत्र्याला शिवणं म्हणजे जिवाशी खेळ. हे सगळं धरूनही कोरड्या प्रदेशाला शोभेल असं साधन कूलरच, असं माझं ठाम मत आहे.

आणि मावशीची ती संत्री! डिसेंबरातली नव्हेत, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारी मृगबहाराची संत्री घडतात ती याच उन्हात. मे महिन्यात बागांचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाडं पानं टाकतात, वाळल्यासारखी दिसतात आणि मृगाचा पाऊस पडला की एकदम फुलतात. तो ताण नीट बसला नाही तर बहार फुटत नाही. ज्या उन्हापासून लोक पळतात, त्याच उन्हाची ती गोडी आहे.

पण माणसाला असा ताण सोसत नाही. मे २०१०च्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३००हून अधिक माणसं दगावली आणि त्यातून २०१३ साली तिथे देशातला पहिला उष्णता कृती आराखडा झाला. नागपुरानेही पुढे तो मार्ग धरला. चौकात सिग्नलजवळ हिरव्या जाळ्या लागतात त्या त्यातूनच. तरी भर दुपारी रिंग रोडवर डोक्याला दुपट्टा गुंडाळून खडी टाकणाऱ्या बायांना मी पाहिलं. त्यांच्या कामाची वेळ सकाळी लवकर आणि सायंकाळी असावी, दुपारी बारा ते चार काम बंदच असावं, हे कागदावर नको, मुकादमाच्या वहीत हवं.

प्रताप नगर चौकाजवळ कडुनिंबाखाली एक पाणपोई होती. ओल्या तरटात गुंडाळलेले दोन रांजण, साखळीला बांधलेला पेला. मी उभा होतो त्या दहा मिनिटांत अकरा जण पाणी प्यायले. वाचकहो, पुढच्या मे महिन्यात तुमच्या गल्लीत सावलीचं एखादं झाड असेल तर त्याखाली एक रांजण नक्की ठेवा, आणि तो रोज सकाळी भरा.