शकुन नव्हे, नसेचं दुखणं!

बाईचा डावा डोळा फडफडला तर शुभ आणि उजवा फडफडला तर अशुभ, हे ऐकतच आपण मोठ्या झालो. जागरणानं पापणी दोन-चार दिवस लवते आणि थांबते. पण महिनोन् महिने एकाच बाजूचा डोळा मिटत राहिला, मग गाल आणि ओठाचा कोपराही ओढला जाऊ लागला, झोपेतही थांबेना, तर मैत्रिणींनो, तो शकुन-बिकुन नसतो! डॉक्टर त्याला 'हेमीफेशियल स्पाझम' म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो जास्त आढळतो.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंना हा त्रास होता. दुखत काहीच नव्हतं, पण बाजारात लोकांना वाटायचं, बाई डोळा मारतेय! त्यांनी लग्नकार्याला जाणंच सोडलं. घरचे म्हणायचे, "मनावर घेऊ नको." मी त्यांना सांगितलं, दोष मनाचा नाही, नसेचा आहे.

चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस मेंदूच्या बुडाशी निघते. तिथे एखादी रक्तवाहिनी तिला टेकली, की तिच्या ठोक्यांनी नस चाळवते. ही जागा कवटीत खोल, साध्या एक्स-रेत न दिसणारी. म्हणून ऑपरेशनआधी बारीक कापांचा एमआरआय काढतात. कोणती रक्तवाहिनी कुठे टेकलीय, गाठ तर नाही ना, हे सर्जनला आधीच कळतं. मग कानामागे लहानसं छिद्र पाडून नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. अमेरिकेतल्या डॉ. पीटर जॅनेटा यांनी 1960 च्या दशकापासून ही पद्धत रुजवली. ऐकण्याची नस शेजारीच असते, म्हणून हा नकाशा मोलाचा. कानाची तपासणीही आधी करून घ्यावी.

मात्र रक्तवाहिनी टेकलेली निरोगी माणसांतही दिसते. त्यामुळे नुसत्या फोटोवरून ऑपरेशन ठरत नाही, त्रास किती हे आधी बघतात. बोटॉक्सच्या इंजेक्शननंही तीन-चार महिने आराम पडतो.

एमआरआयला जाताना मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, पिना काढून ठेवा. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर आधी सांगा. मशीनचा आवाज मोठा असतो, पण त्यात एक्स-रे नसतात. फडफड सुरू असताना मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. चेहरा अचानक लुळा पडला तर मात्र 'वारं गेलं' म्हणत थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

नागपुरात मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत आणि एम्समध्ये मेंदूविकारांचे डॉक्टर आहेत. पदराआड चेहरा लपवत वर्षं काढण्यापेक्षा एकदा तिथला केसपेपर काढलेला बरा!