जुनी मोटार व तिच्या गिअरचे दुखणे

इंजिन बंद पडले की मोटार जागची हालत नाही. बिघाड झाल्याचे मालकास तत्काळ कळते. गिअरचे दुखणे तसे नव्हे. ते महिनोन् महिने मुरत राहते आणि उघडकीस येते तेव्हा दुरुस्तीचा आकडा कित्येकदा गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेलेला असतो. यवतमाळसारख्या विस्तीर्ण जिल्ह्यात हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. उमरखेड, वणी किंवा दिग्रस येथील कुटुंबास अपरात्री रुग्ण घेऊन यवतमाळचे शासकीय रुग्णालय गाठावयाचे झाले, म्हणजे दारातील जुनी मोटार हाच मोठा आधार असतो. तो ठेवावा की सोडावा, हे दुखण्याचे नेमके स्थान समजल्यावाचून ठरविता येत नाही.

इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोचते कशी, हे प्रथम पाहिले पाहिजे. इंजिनाला लागून क्लच असतो. तो इंजिनाचा गिअरबॉक्सशी संबंध जोडतो व तोडतो. गिअरबॉक्सात लहानमोठ्या दातेरी चाकांच्या जोड्या असतात. पहिल्या गिअरमध्ये वेग थोडा व ओढ अधिक. वरच्या गिअरमध्ये याच्या उलट. तेथून पुढे कुर्ल्यास बनणाऱ्या पद्मिनीत किंवा उत्तरपाड्याच्या अँबेसेडरमध्ये एक लांब दांडा मागील चाकांकडे जाई. १९८३ ते २०१४ या काळात निघालेल्या मारुती ८०० मध्ये दोन आखूड दांडे पुढील चाके फिरवितात. म्हणजे बिघाडाच्या जागा मुख्यतः चार: क्लच, गिअरची दांडी व तिची जोडणी, गिअरबॉक्स आणि चाकांकडे जाणारे दांडे. चौघांच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. लक्षणे मात्र ऐकणाऱ्यास एकसारखी वाटतात.

पुसदच्या बाजूस घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच घसरत असावा. याची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या सपाट जागी, पुढे-मागे कोणी नसताना हातब्रेक घट्ट ओढावा, तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. क्लच निरोगी असेल तर इंजिन गचका खाऊन बंद पडते. ते चालूच राहिले, तर क्लच प्लेट झिजलेली असण्याचा संभव मोठा. ही परीक्षा वारंवार करू नये. तिनेही प्लेट झिजते. क्लचवर पाय ठेवून चालविण्याची आणि चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरण्याची सवय हेच या झिजेचे प्रमुख कारण होय.

याउलट, पेडल पूर्ण दाबूनही गिअर करकरत पडतात, विशेषतः रिव्हर्स, तेव्हा क्लच पुरता सुटत नसतो. कित्येक गाड्यांत केवळ केबल ताणून घेतली की काम भागते. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये, पेडल दाबताच घरघर सुरू झाली तर क्लचचे बेअरिंग संशयास्पद ठरते. पेडल सोडल्यावर घरघर होऊन दाबताच थांबली, तर गिअरबॉक्समधील बेअरिंगकडे बोट जाते. एकच ठरावीक गिअर करकरत असेल, तर त्या गिअरची पितळी कडी झिजलेली असू शकते. गिअर आपोआप सुटत असेल तर आतील झीज संभवते. परंतु इंजिनाखालील रबरी आधार फाटल्यानेही तसेच होते. पुढील चाकांवर चालणारी गाडी वळताना कटकट वाजली, तर दोष बहुधा चाकाजवळच्या सांध्याचा असतो. त्यावरील रबरी आवरण वेळीच बदलले असते, तर तो सांधा वाचला असता.

तेलाकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. गिअरबॉक्सचे तेल कमी झाले की दाते व बेअरिंग कोरडी घासतात. पावसाळ्यात नाल्याच्या पुरातून गाडी काढली, तर हवेच्या छिद्रातून पाणी आत शिरते आणि तेल दुधट होते. जुलै २०२३ मध्ये या जिल्ह्यात आला तसा पूर येऊन गेल्यावर पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे गिअरचे तेल, ती चालविण्यापूर्वीच, तपासणे अगत्याचे आहे. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच घालावे. काढलेल्या तेलात धातूचे तुकडे दिसले, तर मात्र आतील झीज निश्चित समजावी.

गिअरबॉक्स उतरविण्यापूर्वी मिस्त्रीकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. सुटे भाग एकदा टेबलावर पसरले गेले, म्हणजे मालकास दुसऱ्या गॅरेजचा दर विचारण्याची सोय राहत नाही. गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर झिजत आलेली क्लच प्लेट, तिचे बेअरिंग व गळके तेल-सील त्याच वेळी बदलावीत. कारण मजुरीचा मोठा भाग उतरविण्या-चढविण्याचाच असतो. बदललेले जुने भाग परत मागून घ्यावेत.

शेवटचा हिशेब उरतो. खासगी मोटारीच्या नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी वाढविता येते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी २०२५ मध्ये ते १०,००० रुपये ठरले. हे शुल्क, टायर, ब्रेक व पत्र्याचा गंज ही सर्व गिअरच्या खर्चाच्या जोडीस मांडावीत. इंजिन व सांगाडा धड असतील, तर गाडीच्या निम्म्या किमतीची दुरुस्तीही पुढील काही वर्षांच्या प्रवासाने फिटते. सांगाडाच गंजला असेल, तर नवा गिअरबॉक्सही त्या गाडीस तारू शकत नाही. तेथे पैसा ओतण्यापेक्षा गाडीस निरोप देणे अधिक शहाणपणाचे.